चालू लाइन

"तुझ्या त्या यंत्रात काहीतरी टकटकतंय गं," मावशी म्हणाली होती. "कुणाला तरी दाखवून घे."

टिटवी तेव्हा पिल्लाला मांडीवर घेऊन उकडलेलं गाजर कुस्करत होती. लॅपटॉपच्या पडद्याकडे न बघताच ती म्हणाली, "जुनं झालंय ते, मावशी. तुझे गुडघे नाही का वाजत? म्हणून काय बदलून टाकतेस?"

पडद्यातली मावशी हसली. "माझे गुडघे माझे मलाच ऐकू येतात. तुझं यंत्र मला इतक्या लांबून ऐकू येतंय, म्हणून म्हटलं."

तेवढ्यात पिल्लाने गाजराचा घास फुर्रकन उडवला आणि तो विषय गाजराबरोबरच पुसून टाकला गेला.

खरं तर गोष्ट कानाआड करणं हा तिचा स्वभाव नव्हे. टिटवी हे नाव तिला मावशीनेच ठेवलं होतं. टिटवी म्हणे रात्री पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलंच तर तेवढाच टेकू. ही तसलीच. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी, पिल्लू जरा जास्त वेळ गाढ झोपलं की त्याच्या नाकापुढे बोट धरून बसणारी. बाळ झाल्यापासून तर तिने जगातल्या यच्चयावत टोकदार वस्तूंशी वैर धरलं होतं. पण आपण स्वतःहून शोधून काढलेल्या काळज्यांनीच तिचा दिवस असा भरून जायचा, की दुसऱ्याने आणून दिलेल्या काळजीला बसायला जागाच नसे.

आई गेली तेव्हा टिटवी शाळेत होती. मावशीने तिला आपल्या घरी आणलं आणि वाढवलं. मावशीने लग्न केलं नाही. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. आवाज असा कमावलेला, की पलीकडच्याला वाटावं ही बाई नुकतीच गार पाण्याने तोंड धुऊन ताजीतवानी होऊन बसली आहे. दाढ काढून आली तरी फोनवर "बोला" तसंच, बहिणीच्या मरणाची बातमी चार घरी कळवायची वेळ आली तेव्हाही "बोला" तसंच. आवाजात हसू ठेवायचं, पोटातलं पोटात, असं त्यांना तिथे शिकवलेलं. शाळकरी टिटवी दाराआडून ते ऐकायची आणि मग मावशीच्या तोंडाकडे बघायची. तोंडावर वेगळंच असायचं. तेव्हापासून तिने एक खूणगाठ बांधून ठेवली होती: मावशीला ऐकायचं नसतं, मावशीला बघायचं असतं.

म्हणून तर ती लाइन.

झालं असं, की बाळंतपणानंतर टिटवीने नोकरी सोडली, आणि पाठोपाठ नवऱ्याला असं काम लागलं की आठवडेच्या आठवडे तो साइटवर. कामासाठी म्हणून हे शहर बदललं, आणि आता शहरात ती होती आणि काम तिसरीकडेच. सातव्या मजल्यावरच्या त्या घरात दिवसभरात तिच्याशी बोलणारं मोठं माणूस म्हणजे लिफ्टमधली न दिसणारी बाई. "दरवाजा बंद होत आहे," असं ती फार आदबीने सांगायची. कधीकधी टिटवी तिला "बरं" म्हणायची.

गेल्या वर्षी, पिल्लू यायच्या आधी, तिचा धाकटा दीर राहायला आला होता. संगणकाच्या कामातला माणूस. त्याने मावशीच्या घरी एक जुना संगणक बसवून दिला आणि त्यात अशी युक्ती करून ठेवली, की टिटवीच्या नावाने व्हिडिओ कॉल आला की तो आपोआप उघडायचा. मावशीला काही दाबावं लागू नये, कारण तिची बोटं सांध्यांत आखडलेली आणि माउसचं तर तिने नाव टाकलेलं. तो फक्त एकाच नावाला उघडायचा. "नाहीतर कुणीही उपटसुंभ तुमच्या घरात डोकावेल," असं दिराने समजावलं होतं.

तर रोज सकाळी टिटवी लॅपटॉप ओट्याजवळच्या टेबलावर उघडायची आणि कॉल लावायची. पलीकडे मावशीची खोली उघडायची. मग दोघी आपापल्या कामाला. मावशी पेपर वाचायची, पायांना तेल चोळायची, खिडकीतल्या कुंड्यांशी भांडायची. इकडे टिटवी भाजी चिरायची, पिल्लाला न्हाऊ घालायची. बोलणं असं फारसं नाहीच. मध्येच कुणीतरी "अगं" म्हणायचं, मध्येच कुणाला शिंक यायची. दुपारी जेवणं झाली की मावशी म्हणायची, "चल, ठेवते लाइन." एकदा टिटवीने विचारलं होतं, तुला कंटाळा नाही का येत, आपण बोलत तर काहीच नाही. मावशीने पेपरातून मान वर केली नाही. "बोलणारी लाइन आणि न बोलणारी लाइन यांत मला कधी फरक वाटला नाही. मेलेली लाइन मात्र मला सोसवत नाही."

आणि नेमकी तीच मेली.

सकाळची वेळ. मावशी पडद्यात केस विंचरत होती आणि टिटवी पिल्लाचे लंगोट घडी करत होती. टकटक जरा मोठ्याने झाली, मग कुणीतरी नखाने पत्रा खरवडावा तसं झालं, आणि मावशी हातात कंगवा तसाच धरून थिजली. मग पडदा निळा झाला, मग काळा. टिटवीने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत मशीनने कळवलं, की त्याला सुरू होण्यासारखं काही सापडत नाही.

तिने मोबाइलवरून मावशीच्या घरचा फोन लावला. बऱ्याच रिंग झाल्या आणि उचलला नाही. आंघोळीला गेली असेल, असं म्हणून तिने पिल्लाला भरवलं. मग पुन्हा लावला. पुन्हा बऱ्याच रिंग.

"बोला!" तोच ताजातवाना आवाज.

टिटवीने झालेला प्रकार सांगितला. मावशी म्हणाली, "हात्तिच्या, तुझ्या बाजूने गेली होय. मला वाटलं माझ्याच बाजूची तार सुटली. हलवून बिलवून बघितली." मग म्हणाली, घाई करू नकोस, सावकाश दुरुस्त कर. तो रिकामा पडदा बघवत नाही म्हणून मी त्याचं पुढचं बटण बंद करून ठेवलंय, संगणक मात्र दिराने सांगितल्याप्रमाणे चालू आहे. पिल्लाचा दात आला का? आणि ठेवते, दूध ठेवलंय गॅसवर.

सगळं कसं जिथल्या तिथे. टिटवीला मात्र फोन ठेवल्यावर काहीतरी खुपत राहिलं. काय, ते सांगता येईना. मावशी पूर्वी दुसऱ्या रिंगला फोन उचलायची. जन्मभराची सवय, ती अशी एका सकाळीत कशी सुटेल?

त्यानंतरचे दिवस तसेच गेले. टिटवी फोन करायची, फोन वाजत राहायचा, आणि शेवटी "बोला!" मजेत. जेवले. फिरून आले. तुझं टिटवीपण पुरे कर. एकदा टिटवीने विचारलंच, की फोन उचलायला इतका वेळ का लागतो. मावशी म्हणाली, "आता काय तुझ्यासाठी फोन गळ्यात बांधून हिंडू?" मावशी चिडली की ठणठणीत असते, हे टिटवीला ठाऊक होतं. पण ते खोटं चिडणंही मावशीला जमत असेल, तर?

शेजारच्यांचा नंबर दे म्हटलं तर मावशीने उडवून लावलं, लोकांना कशाला त्रास. स्वतः जायचं तर अख्ख्या दिवसाचा प्रवास, आणि पिल्लाला ताप, दात येत होते त्याचा. राहता राहिली ती लाइन. मावशीला एकदा डोळ्यांनी बघितलं असतं तर जीव खाली पडला असता.

मोबाइलवरून तोच कॉल लावता येईल, इतपत तिलाही कळत होतं. पण त्यासाठी ते नाव आणि पासवर्ड हवा. दिराने तो लांबलचक ठेवला होता, "वहिनी, तुम्हाला लक्षात ठेवायची गरज नाही, लॅपटॉप ठेवेल." लॅपटॉपने ठेवला होताच, आणि बरोबर घेऊन गेला होता. विसरलेला पासवर्ड परत मिळवायचा तर कोड जाणार तिच्या कॉलेजच्या दिवसांतल्या मोबाइल नंबरवर, आणि तो नंबर आता दुसऱ्याच कुणाचा. तिने धीर करून त्या नंबरला फोनही लावला. एका गृहस्थांनी, आपण मासे विकतो आणि आपल्याला काही नको, असं सांगून ठेवून दिला.

दीर दुसऱ्या शहरात. त्याने जेवणाच्या सुट्टीत फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, तो पासवर्ड आता मलाही आठवत नाही, पण गेल्या वर्षी मी अख्ख्या लॅपटॉपची एक प्रत काढून ठेवली होती. काळी डबी, कपाटात वरच्या खणात. सोबत पेनड्राइव्ह बांधलाय रबराने. नवी डिस्क बसवा, पेनड्राइव्हवरून सुरू करा, आणि ती प्रत तिच्यावर उतरवा. गेल्या वर्षी जसा होता तसाच्या तसा उठून बसेल. पासवर्डासकट."

"आणि नवी डिस्क बसवणार कोण?"

"तुम्ही."

"मी कॉमर्सची आहे हो, भाऊजी."

"मग तर बरंच. स्क्रूंचा हिशेब नीट राहील."

खालच्या गल्लीत एक दुकान होतं, त्याच्या मालकाला सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण तो प्रत्येक मशीनला कान लावून आधी "च्च" करायचा. टिटवी पिल्लाला बाबागाडीत घालून तिथे गेली. डॉक्टरांनी च्च केलं. म्हणाले, ठेवून जा, आठवडा लागेल, आत काही उरलेलं असेल याची खात्री नाही. टिटवी म्हणाली, मला फक्त डिस्क द्या, बाकी मी बघते. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, बाबागाडीकडे बघितलं आणि डिस्क दिली. वर एक बारीक स्क्रू ड्रायव्हरही दिला. "उघडायच्या आधी बॅटरीची वायर काढा, ताई. आणि बाळाला लांब ठेवा. स्क्रू म्हणजे बाळांना खाऊ वाटतो."

हे सांगायची काही गरज नव्हती. ती रात्र टिटवीने स्क्रू गिळलेल्या बाळांविषयी वाचण्यात काढली.

दुसऱ्या दिवशी पिल्लू झोपल्यावर तिने टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, लॅपटॉप पालथा घातला आणि अंड्यांचा रिकामा ट्रे शेजारी ठेवला. एकेक स्क्रू एकेका खळग्यात, ज्या जागेचा त्या जागेला. मागचं झाकण कडेकडेने उचकटताना असा काही कडाड आवाज झाला की तिने डोळे मिटून घेतले. पण काही मोडलं नव्हतं. आत बघते तर धूळ, पिल्लाच्या जावळाचा एक केस, आणि सगळं कसं लहान, सपाट, गप्प. एवढ्याशात मावशीची अख्खी खोली मावायची.

बॅटरीची वायर काढली. जुनी डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेली होती. ती सरकवून बाहेर काढली तर हाताला चांगली जड लागली. तिने ती कानाजवळ नेऊन हलवली. काहीच नाही. इतके महिने टकटकून सांगत होती, आता विचारलं तर गप्प. नवी मात्र पिसासारखी हलकी. हिच्यात फिरणारं काही नसतं, असं दीर म्हणाला होता, त्यामुळे ही आवाज करत नाही. टिटवीला ते फारसं आवडलं नाही. बिघडायच्या आधी जी कुरकुरही करत नाही, तिच्यावर लक्ष कसं ठेवायचं?

डिस्क बसली. झाकण लावताना ट्रेमधला एक खळगा रिकामा निघाला.

पिल्लू तर पाळण्यात झोपलेलं, टेबलापासून लांब. तरी तिने त्याचं तोंड उघडून बघितलं, मुठी उलगडून बघितल्या, अंगातलं काढून झटकलं. पिल्लू जागं होऊन असं काही ठणाणा करायला लागलं की वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमीन ठोकली. त्याला कडेवर घेऊन तिने गुडघ्यांवर बसून फरशी चाचपली. सापडला तो शेवटी स्क्रू ड्रायव्हरच्याच टोकाला, चुंबकाला चिकटून, तिच्याच हातात. ती फरशीवर बसली आणि हसत सुटली. हसता हसता रडायला कधी लागली ते तिलाही कळलं नाही. पिल्लू मात्र रडायचं थांबून तिच्याकडे टकामका बघत राहिलं. हे सगळं बघायला समोरच्या पडद्यात मावशी असती, तर म्हणाली असती, "झालं? आभाळ पेललं?"

मग पेनड्राइव्ह. लॅपटॉप सुरू करून पहिलं चिन्ह दिसताच दिराने सांगितलेली कळ दाबत राहायची. जमलं. काळी डबी जोडली, यादीतून गेल्या वर्षीची प्रत निवडली, आणि मशीनने कोरडेपणाने सांगितलं, की प्रत मावेल इतकी मोठी डिस्क त्याला सापडत नाही.

डॉक्टरांनी दिलेली नवी डिस्क जुनीपेक्षा लहान होती. तिने विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. दीर फोनवर कळवळला, "अरेरे, हे माझ्या बोलण्यातून राहिलंच. प्रत ज्या डिस्कची, तिच्यापेक्षा लहान डिस्क तिला चालत नाही, आत कितीही रिकामं असलं तरी." म्हणजे पुन्हा बॅटरी, पुन्हा अंड्यांचा ट्रे, पुन्हा बाबागाडी. डॉक्टरांनी बदलून दिली. वर म्हणाले, "तुम्ही स्वतः खोलली? च्च." पण हा च्च वेगळा होता.

जायच्या आधी तिने मावशीला फोन लावला होता. वाजून वाजून बंद पडला. परत आल्यावर लावला, तेव्हा उचलला. "बोला!" मावशी म्हणाली, पडले होते जरा. "पडलीस?" टिटवी ओरडली. मावशी घाईने म्हणाली, "अगं, आडवी पडले होते. दुपारची झोप. तू पण ना."

या खेपेस मशीनने कुरकुर केली नाही. पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली, इतकी सावकाश की टिटवीने चहा केला, तिच्यासमोर बसून प्याला, कप विसळला, पिल्लाला औषध दिलं, आणि पट्टी अर्ध्यावर. ती एकदा थबकली तेव्हा टिटवीही थबकली. मग पुढे सरकली. शेवटी मशीन आपणहून बंद झालं आणि आपणहून उठलं.

उठलं ते गेल्या वर्षात. पडद्यावर तिचा आणि नवऱ्याचा टेकडीवरचा फोटो, दोघांचे केस वाऱ्याने उडालेले, दोघांनाही पुढचं काही ठाऊक नाही. कोपऱ्यातून ऑफिसची एक आठवण वर आली: मीटिंगला उशीर होतोय. या मशीनच्या लेखी ती अजून नोकरीत होती, पिल्लू जन्माला यायचं होतं, आणि कुणी कुणाला सोडून कामावर गेलं नव्हतं. टिटवी जरा वेळ तशीच बसून राहिली. मीटिंगच्या आठवणीवर बोट ठेवून ती बाजूला सारायला तिला उगाचच जड गेलं.

मग तिने ते कॉलचं चिन्ह दाबलं. आत तिचं नाव होतं, पासवर्डाच्या जागी ठिपक्यांची रांग आपोआप भरली. खाली एकच ओळखीचं नाव, मावशी, आणि शेजारी हिरवा ठिपका.

तिने कॉल लावला. तो उघडला.

मावशीची खोली. पण खुर्ची जागेवर नव्हती, तिथे चाकांचा पलंग ओढून आणलेला. पलंगावर पांघरूण चुरगळलेलं, कडेला लाँड्रीचा कागदी पुडा, सुतळीची गाठ न सोडलेला. जमिनीवर एक स्टूल आडवं पडलेलं, ते कुणी उचललेलंच नव्हतं. उघड्या दारातून मोरीतली भांडी दिसत होती, ढीगभर. खिडकीतल्या कुंड्यांनी माना टाकल्या होत्या.

"मावशी," टिटवी म्हणाली. मग मोठ्याने, "मावशी!"

काही नाही. तिच्या लक्षात आलं, मावशीने पडद्याचं बटण बंद केलंय, आणि आवाजही त्या पडद्यातूनच येतो. कॅमेरा तेवढा उघड्या डोळ्यांनी बघतोय.

दाराच्या कडेला मावशी दिसली. भिंत धरत, एकेक पाऊल मोजल्यासारखी ती आली आणि पलंगावर टेकली. अंगात तोच निळा ठिपक्यांचा गाउन, जो लाइन तुटली त्या सकाळी होता. केस न विंचरलेले. उजवा हात टॉवेलने गळ्यात बांधलेला, आणि टॉवेलमधून बाहेर आलेली बोटं सुजून काळीनिळी पडलेली. ती समोर बघत बसली, म्हणजे बंद पडद्याकडे, म्हणजे थेट टिटवीकडे. पण तिला कुणी दिसत नव्हतं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. कुणी बघत नसताना माणूस इतकं एकटं दिसतं, हे टिटवीने आजवर कधी बघितलं नव्हतं.

तिने मोबाइल उचलला आणि मावशीच्या घरचा फोन लावला.

पडद्यात मावशीने मान वळवली. उठायला तिने डावा हात पलंगावर रोवला, एकदा उठता आलं नाही, दुसऱ्यांदा आलं. रिंगा वाजत होत्या. भिंत धरत ती फोनपाशी गेली, तिथे उभी राहिली, डोळे मिटले, ओठांवरून जीभ फिरवली. मग रिसीव्हर उचलला.

"बोला!" मोबाइलमधून आवाज आला, ताजातवाना, गार पाण्याने तोंड धुतलेला. "काय म्हणते टिटवी?"

टिटवीने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीय? मजेत. जेवण झालं, भांडी घासून आत्ता बसले." पडद्यातल्या मावशीने बोलताना कपाळ भिंतीला टेकवलं होतं.

"मावशी," टिटवी म्हणाली, "हात कसा आहे?"

पडद्यात मावशीचं कपाळ भिंतीवरून सुटलं.

"कुठला हात?"

"उजवा. टॉवेलमधला."

मावशीने सावकाश मान वळवून बंद पडद्याकडे बघितलं. मग जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. रिसीव्हर जागेवर न ठेवता टेबलावर तसाच सोडला, आणि चालत आली. तिचा डावा हात मोठा होत होत कॅमेऱ्याखाली गेला, बटणाचा खट्ट आवाज झाला, आणि तिच्या चेहऱ्यावर निळसर उजेड पडला.

दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नेहमीसारखंच.

मग मावशी बोलली, आणि हा आवाज एक्सचेंजमधला नव्हता. लाइन तुटली की आधी आपल्या बाजूचा दोष शोधायचा, पलीकडच्याला मागाहून विचारायचं, ही जुनी शिस्त. म्हणून ती कपाटावरच्या इंटरनेटच्या डबीची तार बघायला स्टुलावर चढली. तार ठीक होती. उतरताना स्टूल सरकलं. पहिला फोन वाजत होता तेव्हा ती जमिनीवर होती.

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"काय केलं असतंस? तापलेलं पोर कडेवर घेऊन धावत सुटली असतीस. वाटलं, सूज आहे, उतरेल." मग तिने डोळे बारीक करून पडद्यात बघितलं. "आणि तू गं? झोप छान होतेय म्हणत होतीस. ही तुझी झोप?"

कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत टिटवीने स्वतःला बघितलं. डोळ्यांखाली काळं, उलटा घातलेला टी-शर्ट, केसांत गाजर. मावशीने शिकवलेला आवाज तिलाही येत होता तर.

तिने मावशीला लाँड्रीचा पुडा उचलून कॅमेऱ्यासमोर धरायला लावला. कागदावर दुकानाचा नंबर छापलेला होता. मावशी कुरकुरली, लोकांना कशाला त्रास. टिटवीने तोवर नंबर फिरवला होता. मावशीच्या घराखालच्या त्या लाँड्रीवाल्याची बायको इस्त्री तशीच टाकून वर आली. तिला पडद्यात शिरताना टिटवीने बघितलं. मावशीचा हात बघताच तिने तोंडावर पदराचं टोक धरलं, आणि मग रागावली, "आजी, खाली आम्ही मेलो होतो का?" मावशी, जिला कुणी कधी रागावलं नव्हतं, खाली मान घालून उभी राहिली.

त्या दोघी दवाखान्यात गेल्या. निघताना मावशी कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली, "ठेवू नकोस लाइन."

टिटवीने ठेवली नाही. आता ती त्या रिकाम्या खोलीसमोर बसली आहे. मांडीवर पिल्लू झोपलंय. समोर चुरगळलेलं पांघरूण, आडवं स्टूल, टेबलावर सुटा रिसीव्हर. लॅपटॉप जराही आवाज करत नाही. नवऱ्याचा फोन लागत नाही, उद्या सकाळच्या गाडीची तिकिटं काढून झाली आहेत, आणि करण्यासारखं आणखी काही उरलेलं नाही. पडद्यातल्या खिडकीतला उजेड हळूहळू कलतोय. टिटवीला वाटतंय, या खोलीत इतके दिवस हे सगळं असंच होतं, आणि कॅमेऱ्यामागे बघायला कुणी नव्हतं.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या जिन्यात, पलीकडच्या गल्लीत, जुन्या ऑफिसात कुणीतरी असेल, जे विचारलं की नेहमी मजेत असतं. त्यांना फोन करू नका. फोनवर ते मजेतच असतील. चपला घाला, जिना चढा, बेल वाजवा, आणि दार उघडायला वेळ लागला तरी तिथेच थांबा. दार उघडलं की ते काय बोलतात ते मागाहून ऐका. आधी त्यांचे हात बघा.